४४६ बाइटांचा उंबरठा

लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवलेल्या अनेकांनी तो काळा पडदा पाहिलेला असतो. वर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे काहीच नाही. माझ्यावर ती वेळ सबमिशनच्या आदल्या रात्री आली होती. फाइली सगळ्या डिस्कवर जागच्या जागी असतात. हरवलेली असते ती आत जायची वाट. म्हणून अशा वेळी घाईने फॉरमॅट मारू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून ग्रब पुन्हा बसवला की बहुतेकदा काम होतं.

ही वाट एवढी नाजूक का, याचं उत्तर १९८३ सालात आहे. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी हार्ड डिस्क घेऊन आला, सोबत डॉस २.०. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना, २ शेवटच्या खुणेला. उरले ४४६. मशीन सुरू झालं की बायोस हा सेक्टर मेमरीत आणतो आणि तिथे जे लिहिलंय त्याच्या हाती कारभार सोपवतो. ते कुणी लिहिलं, हे तो विचारत नाही.

घरात चार खोल्या, दार मात्र एकच. विंडोज बसताना तिथे आपलाच कोड लिहून मोकळी व्हायची. लिनक्सचे लोडरही तीच जागा घ्यायचे, पण निदान मेनूत विंडोजचं नाव ठेवायचे. त्यातला जुना लिलो कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे ते पाठ करून ठेवायचा. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरलात की खेळ खलास. १९९५मध्ये एरिक बोलेन यांनी हर्ड सुरू करण्यासाठी ग्रब लिहायला घेतला. तो फाइल सिस्टिम वाचून कर्नल नावाने शोधतो.

इथपर्यंत ही तांत्रिक कटकट वाटते. पण या उंबरठ्यावर एक कंपनीही अडली. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांची बीओएस ही देखणी, चपळ सिस्टिम होती. संगणक सुरू होताच विंडोज की बीओएस असा पर्याय दाखवा, आम्ही ती फुकट देतो, असं त्यांनी पीसी उत्पादकांना सांगून पाहिलं. हिताचीच्या काही मशीनवर बीओएस खरंच आली, पण मेनूशिवाय. डिस्कवर असूनही ती सहज सुरू करता येत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटींमुळे उत्पादकांचे हात बांधले गेले, असा 'बी'चा आरोप होता. २००१मध्ये कंपनीची मालमत्ता पामने घेतली, २००२मध्ये 'बी'ने खटला भरला आणि २००३मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने चूक कबूल केली नाही. बीओएस तोवर बाजारातून गेलीच होती. मला तरी ही रक्कम फार उशिरा आलेली वाटते.

पुढे यूईएफआय आलं आणि प्रत्येक सिस्टिमला दाराशी आपापला फोल्डर मिळाला. आता लिनक्स 'गायब' झालं तर पुष्कळदा सेटिंगमध्ये जाऊन बूटचा क्रम बदलला तरी पुरतं. पण दारावर सिक्युअर बूट नावाचा पहारेकरीही आला. तो सही पाहून आत सोडतो, आणि बहुतेक पीसींवर लिनक्सच्या पहिल्या लोडरवरही सही मायक्रोसॉफ्टचीच असते.

ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने, धोकादायक लोडर बाद केले. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना हे लागू होणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. तरी अनेकांच्या पडद्यावर 'समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग' असा संदेश उमटला आणि लिनक्स उघडेना. लोकांनी सिक्युअर बूट बंद केलं, लिनक्समध्ये शिरून तो नवा नियम पुसला, आणि पहारा पुन्हा चालू केला.