विमानप्रवासात फिल्म रोलची जपणूक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सराफा बाजारात दिवेलागणीनंतर छायाचित्रे टिपायची, तर फिल्म कॅमेऱ्यासाठी ८०० किंवा ३२०० आयएसओची अतिसंवेदनशील फिल्म सोयीची ठरते. तिला मंद प्रकाशही पुरतो. मात्र याच गुणामुळे विमानतळावरील क्ष-किरणांपासून तिलाच सर्वाधिक धोका असतो.

फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर क्ष-किरणांचा परिणाम प्रकाशासारखाच होतो. चित्रावर धूसर थर चढतो, दाणे ठळक होतात आणि सावलीतील बारकावे हरपतात. ही हानी रोल धुतल्यानंतरच दिसते. तोवर टिपलेला क्षण हातचा गेलेला असतो.

केबिन बॅगेच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांतील किरणमात्रा कमी असते. कमी आयएसओच्या फिल्मवर एखाद्या तपासणीचा परिणाम सहसा दिसत नाही. परंतु प्रत्येक तपासणीची मात्रा साठत जाते. वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते, हेही ध्यानात घ्यावे. बॅगेची त्रिमितीय प्रतिमा घेणारी नवी सीटी यंत्रे अधिक घातक असून, त्यांतून एकदा गेलेली फिल्मही खराब होऊ शकते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाची तपासणी तीव्र किरणांनी होत असल्याने त्यात न धुतलेली फिल्म कधीही ठेवू नये.

रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत, विमानतळावर वेळेआधी पोहोचावे आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांना हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. निर्णय त्यांचाच असतो. कॅमेऱ्यात भरलेला रोल संपवून काढून घ्यावा. अन्यथा कॅमेराच यंत्रातून पाठवावा लागण्याची शक्यता असते. शिशाच्या पिशवीवर विसंबू नये. पडद्यावर ती काळा ठोकळा दिसते आणि बॅग उघडण्याची किंवा पुन्हा तपासण्याची वेळ येते. झटपट छायाचित्रांच्या फिल्मला आणि एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यांनाही हीच काळजी लागू आहे. धुतलेल्या निगेटिव्हना व डिजिटल मेमरी कार्डांना मात्र या यंत्रांपासून धोका नाही.

म्हणूनच शक्य असेल तर परतीच्या विमानापूर्वीच रोल धुऊन घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. गोमंतकीयांना आणखी एक पर्याय आहे: वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस ग्वाल्हेरला थांबते. वेळ अधिक लागला, तरी या मार्गाने विमानतळावरील तपासणी पूर्णपणे टळते.