लोंबी

१९८६चा मे सरत आलाय. तू चार वर्षांचा आहेस आणि नांदगावातल्या घरामागच्या गडग्यावरून नुकताच पडला आहेस. उंची ती केवढी, पण पाय अंगाखाली पिळला. उजवी मांडी मधोमध फुगलीय. आजी चिव्याच्या कांबी पंचात गुंडाळून पायाला बांधते, मग तो पाय दुसऱ्या पायाशी. शहाणी बाई! "उगी रव, झिला. हलां नको."

तिठ्यावरून गाडी फोंडाघाट चढते, कोल्हापूरकडे. दर वळणाला बाबा तुझी मांडी दोन्ही हातांनी धरून ठेवतात.

इस्पितळात भूल उतरते तेव्हा छातीपासून उजव्या पावलापर्यंत आणि डाव्या गुडघ्यापर्यंत तू पांढरा, जड, ओलसर झालेला असतोस. प्लास्टर चोळलेली ही पट्टी अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरांनी १८५२ साली जगापुढे ठेवली. कमरेशी पट्ट्यांचे तिरपे वेढे कणसातल्या दाण्यांसारखे एकमेकांवर चढतात, म्हणून या बांधणीचं नाव स्पायका. लॅटिनमध्ये कणीस. आपल्याकडे लोंबी म्हणू.

एक्सरे पाहून बाबा हबकतात. हाडाची टोकं एकमेकांसमोर नाहीतच, सेंटिमीटरभर एकावर एक आलीत! डॉक्टर शांतपणे सांगतात, हे चालतं. या वयात मोडलेलं हाड जोमाने वाढतं, पायाची लांबी भरून येईल. मला या उपचारातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते: मुलाच्या वाढण्यावर विसंबून मांडलेला हिशेब.

बाकी सगळं आईवर. दर दोन-तीन तासांनी तुला पालथा-उताणा करायचं. लघवी आत झिरपू नये म्हणून कडेला प्लास्टिक खोचायचं, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. पायांमधल्या आडव्या काठीला धरून कधीच उचलायचं नाही. बोटं गार किंवा निळी नाहीत ना, रात्री कंदील धरून बघायचं. खाज सुटली की तू रडतोस. ती आत काही घालू देत नाही, वरून टिचक्या मारते. जूनमध्ये पाऊस लागतो, भिंती पाझरतात, आणि तुझी बाज चुलीजवळ येते.

सहा आठवड्यांनी करवत घुंई करते. आतून निघालेला पाय काटकुळा, साल सुटलेला, तुला परकाच वाटतो. घरी आल्यावर तू नुसता सरपटतोस. कोणी घाई करत नाही.

मग एका दुपारी, सगळे लावणीला गेलेले असताना, तू पडवीचा खांब धरून उभा राहतोस. कुणग्यातून परतलेली आई खळ्यातच थबकते. हात चिखलाने भरलेले. ती हाक मारत नाही.

तू खांब सोडतोस.