स्वीकृति-चाचणी, संगणकीय प्रणालीची

एखाद्या संस्थेचा दैनंदिन कारभार नव्या संगणकीय प्रणालीवर सोपविण्यापूर्वी ती त्या कामास योग्य आहे किंवा नाही, याची वापरणाऱ्यांच्या वतीने केलेली अखेरची पद्धतशीर तपासणी. घटक-चाचणीत सॉफ्टवेअरचे सुटे भाग व प्रणाली-चाचणीत ते एकत्र जोडून तपासतात. ही कामे मुख्यत्वे प्रणाली बांधणारे करतात. स्वीकृति-चाचणीत मात्र संस्थेचे प्रत्यक्ष व्यवहार प्रणालीवर करून पाहिले जातात. आढळलेल्या दोषांची गांभीर्यानुसार श्रेणी लावतात आणि कोणत्या श्रेणीचे किती दोष शिल्लक असता प्रणाली स्वीकारावी, याचे निकष आधीच लेखी ठरवितात.

या प्रथेचे मूळ जुने आहे. इंग्लंडमधील लायन्स कंपनीने १९५४ मध्ये आपल्या लिओ या संगणकावर पगाराचे काम सोपविले, ते कारकुनांनी केलेल्या हिशोबाशी काही काळ ताडून पाहिल्यानंतरच. या पद्धतीस समांतर चालन म्हणतात. ओएस/३६० या प्रणालीच्या उभारणीच्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले, की प्रकल्पाचा निम्मा काळ चाचण्यांसाठी राखून ठेवावा. दोष शोधणे हाच चाचणीचा हेतू होय, प्रणाली निर्दोष असल्याचे दाखविणे नव्हे, हा विचार ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये मांडला. पुढे सॅप कंपनीच्या आर/३ (१९९२) सारख्या तयार प्रणालींचा प्रसार झाल्यावर सॉफ्टवेअर विकत मिळू लागले; परंतु त्यात बसवावयाचे नियम प्रत्येक संस्थेचे निराळे असल्याने स्वीकृति-चाचणीचे महत्त्व कमी न होता वाढले.

या चाचणीची उपेक्षा किती महाग पडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याची वेतनप्रणाली होय. लॅटिस ही जुनी प्रणाली कालबाह्य झाल्यामुळे सॅप व वर्कब्रेन ही दोन सॉफ्टवेअरे जोडून नवी प्रणाली उभारण्याचे ठरले आणि डिसेंबर २००७ मध्ये आयबीएम या कंपनीशी करार झाला. खात्यात सु. ७८,००० कर्मचारी होते. त्यांना १३ वेतननिवाडे व दोनशेहून अधिक भत्ते लागू असल्याने वेतनगणनेच्या नियमांचे २४,००० हून अधिक निरनिराळे मेळ संभवत. हे नियम प्रारंभी पुरेसे निश्चित केले गेले नाहीत. परिणामी स्वीकृति-चाचणीच्या टप्प्यावर मूलभूत दोष आढळत राहिले आणि प्रारंभाची तारीख वारंवार पुढे गेली. जुनी प्रणाली कोसळेल या भीतीने घाई वाढली. दोषांच्या श्रेणींच्या व्याख्या बदलण्यात आल्या, निकष शिथिल झाले आणि सर्व कर्मचाऱ्यांच्या पगारांचे संपूर्ण समांतर चालन न करताच १४ मार्च २०१० रोजी प्रणाली सुरू झाली.

काही परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांना कमी, काहींना जास्त वेतन मिळाले, तर काहींना ते मिळालेच नाही. पंधरवड्याचे पगार काढण्यासाठी पुढे एक हजाराहून अधिक माणसे कामास लावावी लागली. २०१२ मध्ये एकूण खर्चाचा अंदाज सु. १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर करण्यात आला. निवृत्त न्यायाधीश रिचर्ड चेस्टरमन यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात अनावश्यक घाई, गरजांची अनिश्चिती आणि शासनाची ढिली देखरेख यांवर ठपका ठेवला. कंपनीविरुद्धचा राज्याचा दावा मात्र २०१५ मध्ये फेटाळला गेला. कारण २०१० च्या तडजोडीने राज्याने तिला दायित्वातून मुक्त केले होते.

या प्रकरणात चाचणीने आपले काम केले होते. दोष आढळले व नोंदलेही गेले होते. उणीव होती ती त्या नोंदींवरून प्रारंभ थांबविण्याच्या निर्धाराची. म्हणून चाचणीचा अहवाल देणारे प्रकल्पाची तारीख सांभाळणाऱ्यांपासून स्वतंत्र असावेत, निकष बदलावयाचे झाल्यास ते कारणांसह उघडपणे बदलावेत आणि वेतनासारख्या कामी समांतर चालन टाळू नये, ही तत्त्वे चाचणीच्या व्यवस्थापनात महत्त्वाची ठरतात.