मिसूरी तडजोड
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुलामगिरीच्या प्रादेशिक विस्तारावरून उद्‌भवलेला वाद मिटविण्यासाठी तेथील काँग्रेसने १८२० मध्ये संमत केलेली वैधानिक योजना. तीनुसार मिसूरीला गुलामगिरी असलेले, तर मेनला गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात प्रवेश देण्याचे ठरले. तसेच लुइझिॲना खरेदीच्या उर्वरित प्रदेशात ३६° ३०′ उत्तर अक्षवृत्ताच्या उत्तरेस गुलामगिरीस कायमची मनाई करण्यात आली.

पार्श्वभूमी : १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळण्यात आला होता, तथापि प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांश भाग लोकसंख्येत धरावा, अशी तरतूद त्यात होती. त्यामुळे मताधिकार नसलेल्या गुलामांच्या संख्येचा राजकीय लाभ त्यांच्या मालकांना मिळे. १७८७ च्याच एका वटहुकुमान्वये ओहायओ नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरी निषिद्ध ठरली होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यानंतर दक्षिणेत कापसाची लागवड झपाट्याने वाढली व तिच्याबरोबर गुलामांची मागणीही वाढली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना विकत घेतलेल्या लुइझिॲना प्रदेशामुळे देशाचे क्षेत्रफळ सुमारे दुप्पट झाले. या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी, हा प्रश्न त्यामुळे अटळ झाला.

वाद : मिसूरीने राज्याचा दर्जा मागितला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार गुलाम होते. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जेम्स टॉलमेज यांनी प्रवेशाच्या विधेयकास उपसूचना मांडली. मिसूरीत यापुढे नवे गुलाम आणू नयेत आणि राज्यस्थापनेनंतर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षी मुक्त करावे, असा तिचा आशय होता. उत्तरेचे बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली. सिनेटने मात्र फेटाळली. डिसेंबर १८१९ मध्ये ॲलाबॅमाच्या प्रवेशानंतर दोन्ही प्रकारच्या राज्यांची संख्या प्रत्येकी अकरा झाली. प्रत्येक राज्यास सिनेटमध्ये दोन जागा असल्याने तेथील समतोल मिसूरीच्या प्रवेशाने ढळणार होता.

तडजोड : मॅसॅचूसेट्सपासून वेगळे होऊ इच्छिणाऱ्या मेनने याच सुमारास राज्याचा दर्जा मागितला. सिनेटने दोन्ही मागण्या एकत्र जोडल्या आणि इलिनॉयचे सदस्य जेसी टॉमस यांनी सीमारेषेची सूचना मांडली. प्रतिनिधिगृहाचे सभापती हेन्री क्ले यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रत्येक भागावर स्वतंत्र मतदान झाले. मिसूरीवरील निर्बंध वगळण्याचा ठराव ९० विरुद्ध ८७ अशा निसटत्या बहुमताने संमत झाला. ६ मार्च १८२० रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्‍रो यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. पुढे मिसूरीने आपल्या संविधानात स्वतंत्र कृष्णवर्णीयांस प्रवेशबंदी करणारे कलम घातल्याने वाद पुन्हा पेटला. इतर राज्यांतील नागरिकांच्या हक्कांस या कलमाने बाध येणार नाही, अशी हमी घेऊन १० ऑगस्ट १८२१ रोजी मिसूरीला चोविसावे राज्य म्हणून प्रवेश देण्यात आला.

परिणाम व मूल्यमापन : या तडजोडीने संघराज्य फुटण्याचा तात्कालिक धोका टळला आणि सुमारे तीन दशके समतोल टिकला, परंतु मूळ प्रश्न सुटला नाही. वृद्ध टॉमस जेफर्सन यांनी एप्रिल १८२० च्या एका पत्रात या वादाची तुलना रात्री अचानक वाजणाऱ्या आगीच्या घंटेशी केली. ते स्वतः गुलामांचे मालक होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ज्यांच्या भवितव्याचा हा सौदा होता, त्या गुलामांचा आवाज सभागृहात कोठेच नव्हता. मात्र चर्चेचे पडसाद त्यांच्यापर्यंत पोहोचले. १८२२ मध्ये चार्ल्स्टन येथे उघडकीस आलेल्या कटाच्या खटल्यात, कटाचा सूत्रधार मानल्या गेलेल्या डेन्मार्क व्हेझीने मिसूरीविषयक भाषणांचा आधार घेतल्याची साक्ष नोंदली गेली.

मेक्सिकोकडून १८४८ मध्ये मिळालेल्या प्रदेशास ही सीमारेषा लागू नव्हती. त्यामुळे १८५० मध्ये नवी तडजोड करावी लागली. १८५४ च्या कॅन्झस-नेब्रॅस्का कायद्याने मिसूरी तडजोडीतील बंदी रद्द केली आणि त्या विरोधातून रिपब्लिकन पक्ष उदयास आला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात, काँग्रेसला अशी बंदी घालण्याचा अधिकारच नव्हता, असा निर्णय दिला. मुक्त प्रदेशात राहिल्यामुळे आपण स्वतंत्र झालो, हा स्कॉटचा दावा त्यामुळे फेटाळला गेला. समेटाचा मार्ग अधिकच अरुंद झाला व १८६१ मध्ये यादवी युद्ध भडकले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. या मुक्तिकार्याच्या गौरवार्थ महात्मा जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. मिसूरी तडजोडीने गुलामगिरीच्या विस्तारास भौगोलिक मर्यादा घातली. पण त्या मर्यादेच्या दक्षिणेस तिला कायद्याचे संरक्षणही दिले. म्हणूनच समेटाचे यश आणि नैतिक प्रश्न टाळल्याची किंमत, अशा दोन्ही दृष्टींनी तिचा विचार केला जातो.