कंडरास्थी (हातापायांतील)

कंडरास्थी : स्नायूला हाडाशी जखडून ठेवणारी कंडरा ज्या ठिकाणी सांध्यावरून वळसा घेते त्या ठिकाणी, तिच्या अंगातच वाढलेल्या लहान, वाटोळ्या हाडांस कंडरास्थी म्हणतात. तिळाशी असलेल्या साम्यावरून दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन यांनी त्यांना दिलेले नाव ‘सेसमॉइड’ ह्या रूपाने आजही वैद्यकात रूढ आहे. तथापि सगळ्याच कंडरास्थी तिळाएवढ्या नसतात. गुडघ्याची वाटी ही ह्या कुळातील सर्वांत मोठी. मनगटातील वाटाण्यासारखे हाडही सामान्यतः ह्याच कुळात गणले जाते. आणि उरलेल्यांपैकी बहुतेक हातापायांच्या बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूस, डाळीच्या दाण्यांप्रमाणे विखुरलेल्या आढळतात. प्रौढ मानवाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात असे जे शाळेत पाठ करून घेतले जाते, त्या हिशेबात गुडघ्यांच्या दोन वाट्या व मनगटांतील ही दोन हाडे जमेस धरलेली असतात, परंतु बाकीच्या कंडरास्थी वगळलेल्या असतात. कारण त्यांची संख्या माणसागणिक, किंबहुना एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या हातागणिक बदलते. २०६ हा आकडा म्हणजे अभ्यासकांनी सोयीसाठी केलेला एक ठराव होय, हे ह्या वगळलेल्या हाडांमुळे ध्यानात येते.

कार्य : विहिरीवरील रहाट ज्याप्रमाणे दोराची दिशा बदलतो व ओढणाऱ्याचे श्रम वाचवतो, त्याप्रमाणे कंडरास्थी कंडरेला सांध्याच्या अक्षापासून किंचित दूर धरून स्नायूच्या ओढीचा प्रभाव वाढवते. तिची सांध्याकडील बाजू गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असल्यामुळे घर्षण कमी होते आणि कंडरा झिजण्यापासून वाचते.

हात : अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापुढे दोन कंडरास्थी जवळजवळ प्रत्येक प्रौढ व्यक्तीत असतात, त्या नसणे हाच अपवाद. त्यानंतर क्रम लागतो तो करंगळीचा : तिच्या मुळाशी, हाताच्या बाहेरच्या कडेला, निम्म्याहून बऱ्याच अधिक हातांत एक कंडरास्थी सापडते. तर्जनीच्या मुळाशी, अंगठ्याकडील बाजूस, ती सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या हातांत असते. मधले बोट व अनामिका ह्यांच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते. अंगठ्याच्या पेरातील सांध्याजवळही पुष्कळांत एक बारीक कंडरास्थी असते, परंतु तिचे प्रमाण पाहणीगणिक बरेच बदलते. करंगळीच्या बाजूस, मनगटाच्या घडीवर तळहाताकडून बोट दाबले असता जो कठीण उंचवटा लागतो, तेच वाटाण्यासारखे हाड. मनगट किंचित आत वाकवून ते चिमटीत धरले तर थोडेसे हलतेही.

पाय : पायाच्या अंगठ्यामागे, चवड्याखाली, शेजारी शेजारी बसलेल्या दोन कंडरास्थी हातातील जोडीप्रमाणेच जवळजवळ सार्वत्रिक आहेत. पायाचा अंगठा वर ओढून चवड्याचा मांसल भाग हाताच्या अंगठ्याने चेपला असता त्या दोन दाण्यांसारख्या जाणवतात. टाच उचलून पुढचे पाऊल टाकताना शरीराचा बराच भार ह्यांच्यावर येतो, आणि त्यांच्यामधून जाणारी अंगठा वाकवणारी लांब कंडरा त्या भाराखाली चिरडली जात नाही. आतल्या बाजूची कंडरास्थी पुष्कळांत जन्मतःच दोन किंवा अधिक तुकड्यांची असते. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारणतः शेकडा १० ते ३० आढळले आहे. बाहेरच्या बाजूची मात्र क्वचितच अशी दुभंगलेली असते. इतर बोटांपैकी दुसऱ्या व पाचव्या बोटांच्या मुळाशी थोड्या लोकांत कंडरास्थी आढळते. पायाच्या बाहेरच्या कडेने तळव्याकडे वळणाऱ्या कंडरेतही एक असते. ती पूर्णपणे हाडाची झालेली सुमारे शेकडा १० ते २० पायांत दिसते. मध्ययुगीन यूरोपात अंगठ्याखालची कंडरास्थी अविनाशी असून तिच्यातूनच मृताचे पुनरुत्थान होईल अशी समजूत होती. व्हेसेलियस यांनी १५४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शरीररचनेच्या महाग्रंथात तिचा उल्लेख केला आहे.

गणनेतील अडचणी : स्ट्रासबर्ग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म फित्सनर यांनी १८९२ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी, शवविच्छेदनाच्या आधारे ह्या अस्थींची विस्तृत गणना प्रसिद्ध केली. विच्छेदनात कूर्चेच्या स्वरूपातील कंडरास्थीही हाती लागतात. क्ष-किरण चित्रात केवळ हाडाच्या झालेल्याच दिसतात. ह्या एका भेदामुळे दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत. त्यात वयाचीही भर पडते. ह्या अस्थी गर्भावस्थेतच कूर्चारूपाने आकार घेतात, परंतु हाताच्या अंगठ्याची कंडरास्थी मुलींत साधारण ११ व मुलांत १३ व्या वर्षाच्या सुमारास हाडाची होऊ लागते. वयात येतानाच्या उंचीवाढीचा भर ह्याच सुमारास सुरू होत असल्यामुळे दात व जबडे सरळ करणारे दंतवैद्य तिच्या दर्शनावरून मुलाच्या वाढीचा अंदाज बांधतात.

प्राणिसृष्टीतील स्थान : कुत्र्याच्या प्रत्येक मुख्य बोटाच्या मुळाशी कंडरास्थींची जोडी नियमाने असते, आणि माकडांतही त्या माणसापेक्षा अधिक बोटांना आढळतात. मानवी हातातील तुरळक कंडरास्थी हे त्या जुन्या, भरगच्च मांडणीचे अवशेष होत, असे मानण्यास ह्यामुळे आधार मिळतो. चीनमधील महापांडा बांबू पकडण्यासाठी सहाव्या बोटासारख्या ज्या ‘अंगठ्या’चा उपयोग करतो, तोही वास्तविक मनगटाजवळची वाढलेली कंडरास्थीच होय.

वैद्यकीय महत्त्व : धावपटू, नर्तक व चवड्यावर सतत भार देणारे इतर लोक ह्यांना अंगठ्याखालच्या कंडरास्थींचा दाह होतो, कधी त्यांना बारीक तडाही जातो. अशा रुग्णाच्या क्ष-किरण चित्रात आतली कंडरास्थी दोन तुकड्यांत दिसली, तर ती मोडलेली आहे की जन्मतःच दुभंगलेली, हा प्रश्न वैद्यापुढे उभा राहतो. जन्मजात तुकड्यांच्या कडा गुळगुळीत, वाटोळ्या व पातळ कठीण थराने वेढलेल्या असतात आणि दोन्ही मिळून अखंड अस्थीपेक्षा मोठे भरतात. ताज्या अस्थिभंगात कडा तीक्ष्ण व खडबडीत असतात, आणि तुकडे जुळवले तर नेहमीचाच आकार पुरा होतो. दुसऱ्या पायाचे चित्र तुलनेस उपयोगी पडते, परंतु दुभंगलेपण एकाच पायात असू शकत असल्यामुळे त्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. म्हणूनच कोणती कंडरास्थी किती जणांत असते व कितींत दुभंगलेली असते, ही गणना केवळ जिज्ञासेची बाब नव्हे : ती माहीत असलेला वैद्य निरोगी पायाला विनाकारण प्लास्टर घालत नाही, आणि चवडा खरोखर मोडलेल्या माणसाला ‘जन्मतःच असे आहे’ म्हणून माघारी पाठवीत नाही.