पाळीव कुत्रा आणि रेबीज : लसीकरण, मोफत उपचार आणि मालकाची जबाबदारी

रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, मग रुग्ण माणूस असो की कुत्रा. मात्र वेळेवर लस घेतली तर हाच रोग जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. भारतात माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातून होतो. त्यामुळे घरच्या कुत्र्याची लस हा घरातल्या माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे. यासंबंधीचे सरकारी कार्यक्रम, त्यातून नागरिकांना मिळणाऱ्या सेवा आणि कुत्रा पाळणाऱ्याने स्वतः करायची कामे यांची माहिती या लेखात दिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजचे ५४ संशयित मृत्यू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या, २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा अंदाज दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज तर १८ ते २० हजारांचा आहे. हे आकडे इतके वेगळे असण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. रेबीज झालेल्या अनेकांचा मृत्यू घरी होतो, तो रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही. प्रयोगशाळेची तपासणी तर फारच थोड्यांची होते. म्हणून नोंद कमी दिसते याचा अर्थ धोका कमी आहे असा घेऊ नये.

सरकारी कार्यक्रम कोणते?

राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रम बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२०१२-१७) सुरू झाला. माणसांशी संबंधित भागाचे काम दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र पाहते. डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण, श्वानदंशाच्या नोंदी, जनजागृती आणि आदर्श श्वानदंश उपचार केंद्रे उभारणे ही त्यातील मुख्य कामे आहेत. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, आरोग्य मंत्रालय आणि पशुसंवर्धन मंत्रालय यांनी मिळून श्वानजन्य रेबीज निर्मूलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. कुत्र्यामुळे होणाऱ्या रेबीजने २०३० पर्यंत देशात एकही माणूस दगावू नये, हे त्याचे उद्दिष्ट आहे. (२८ सप्टेंबर हा रेबीजची पहिली लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन.)

आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ७० टक्के हा आहे. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना सलग तीन वर्षे लस दिली तर विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट सापडत नाही आणि साखळी तुटते. या ७० टक्क्यांत पाळीव कुत्रेही मोजले जातात. मोकाट कुत्र्यांना पकडून टोचणे हे कष्टाचे काम आहे. दोरीला बांधलेला घरचा कुत्रा टोचणे त्यामानाने अगदी सोपे, आणि तरीही गावोगाव असंख्य पाळीव कुत्रे बिनालशीचे आहेत.

कुत्र्यांच्या लसीसाठी केंद्राचा निधी पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमातून राज्यांना मिळतो. त्यात केंद्र व राज्य यांचा वाटा साधारणपणे ६०:४० असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो ९०:१० आहे, तर केंद्रशासित प्रदेशांचा सर्व खर्च केंद्र करते. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात मोहीम घ्यायची हे राज्याचा पशुसंवर्धन विभाग ठरवतो. त्यामुळे नागपूरला लागू असलेली व्यवस्था इंदूर, बडोदा किंवा बेळगावात तशीच असेल असे नाही. तिथली चौकशी तिथल्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

यासाठी अर्ज कुठे करायचा, असे अनेक जण विचारतात. ही रोख अनुदानाची योजना नाही. अर्ज नाही, लाभार्थ्यांची यादी नाही, बँक खात्यात पैसे जमा होत नाहीत. सेवा दोन ठिकाणी मिळते : कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा लसीकरण शिबिर, आणि माणसासाठी सरकारी रुग्णालय. कुत्र्याच्या अनुदानासाठी कोणी दलाल पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी.

कुत्र्याला लस केव्हा द्यावी?

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस द्यावी. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन ते चार आठवड्यांनी बूस्टर द्यावा आणि त्यानंतर दरवर्षी एकदा लस द्यावी. पहिल्या वर्षी उत्साहाने लस दिली जाते आणि मग विसर पडतो, हा नेहमीचा अनुभव आहे. दवाखान्यातून मिळालेले लसीकरण कार्ड जपून ठेवावे. त्यावर लशीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि पुढील मात्रेची तारीख लिहून घ्यावी. अनेक महानगरपालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना घेताना हेच कार्ड दाखवावे लागते.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. औषधाच्या दुकानातून विकत घेऊन उन्हातून पिशवीत घरी आणलेली आणि कुणाकडून तरी टोचून घेतलेली लस कामाची राहिली आहे की नाही, हे सांगता येत नाही. म्हणून कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावे.

तीन महिन्यांखालील पिल्लाला अजून लस मिळालेली नसते, हे लक्षात ठेवावे. रस्त्यावरचे पिल्लू मुले उचलून घरी आणतात, त्याच्याशी खेळतात, ते बोट चावते, ओरखडे काढते. 'एवढेसे पिल्लू, त्याला कसला रेबीज' असे म्हणून घरात कोणी दवाखान्याचा विचारही करत नाही. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याच्या बारीक दातांची जखमही तितकीच धोकादायक असते. मूल घरी ओरडा बसेल या भीतीने चावल्याचे लपवते, हे तर त्याहून धोक्याचे. कुत्रा चावला किंवा नखे लागली तर लगेच सांगायचे, रागावणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

कुत्रा चावल्यास काय करावे?

सर्वप्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. ही १५ मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही खूप वाटतात. धुतल्याने जखमेतला बराच विषाणू तिथेच नष्ट होतो. त्यानंतर जंतुनाशक लावावे. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाके घालण्याचा आग्रह धरू नये. मंत्र, गंडा, उतारा यांत घालवलेला प्रत्येक दिवस विषाणूला मिळतो.

मग लगेच सरकारी रुग्णालयात जावे. जखमेच्या तीन श्रेणी मानल्या जातात. कुत्र्याला नुसता हात लावला किंवा त्याने अखंड त्वचेला चाटले तर ती पहिली श्रेणी, लशीची गरज नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेला दात घासले तर दुसरी श्रेणी, लस घ्यावी. दात त्वचेतून आत गेले, रक्त आले, उघड्या जखमेला किंवा डोळे, नाक, तोंड यांना लाळ लागली तर तिसरी श्रेणी. या श्रेणीत लशीबरोबरच जखमेत व तिच्याभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. लशीमुळे शरीरात संरक्षण तयार होण्यास काही दिवस लागतात, तोपर्यंत हे तयार प्रतिद्रव्य विषाणूला जखमेपाशीच रोखते. चेहरा, मान आणि हाताची बोटे येथील जखमांमध्ये ते विशेष महत्त्वाचे आहे. तिसऱ्या श्रेणीची जखम असताना फक्त लस देऊन परत पाठवले जात असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल हे स्पष्ट विचारावे. ते पहिल्या मात्रेबरोबरच द्यायचे असते. राहून गेले तर सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर नाही.

सरकारी रुग्णालयात लस सहसा त्वचेत टोचतात. तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात, दर वेळी दोन ठिकाणी ०.१ मिली. स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ अशा पाच मात्रा असतात. ० म्हणजे पहिली मात्रा घेतली तो दिवस. लस व इम्युनोग्लोब्युलिन सरकारी आरोग्य संस्थांत मोफत औषध उपक्रमाखाली दिले जाते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा नसल्यास ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. गर्भवती व स्तनदा मातांनाही ही लस देता येते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. तिचा वापर देशात सुमारे दोन दशकांपूर्वीच बंद झाला. आताची इंजेक्शने दंडात दिली जातात.

'आमचा कुत्रा लस घेतलेला आहे, मग चावला तर काय?' हा घराघरातला प्रश्न. उत्तर असे की तरीही जखम धुवावी, रुग्णालयात जावे आणि उपचार सुरू करावेत. लसीकरण कार्ड डॉक्टरांना दाखवावे. कुत्रा बांधून १० दिवस नजरेखाली ठेवावा. तो दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरता येते आणि पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेतात. हा १० दिवसांचा नियम फक्त कुत्रा व मांजर यांनाच लागू आहे. निरीक्षण करू आणि मग लस घेऊ, असा उलटा क्रम कधीही धरू नये.

आपल्याच कुत्र्याला दुसरा कुत्रा चावल्यास

याकडे बहुतेक मालक दुर्लक्ष करतात. मोकाट किंवा संशयित कुत्र्याने आपल्या कुत्र्याला चावल्यास हातमोजे घालून त्याचीही जखम साबणाने धुवावी व त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. चावल्यानंतरच्या मात्रा सहसा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. आधी नियमित लस झाली असल्यास किती मात्रा लागतील ते पशुवैद्यक ठरवतील. ग्रामीण भागात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

रेबीज झालेला कुत्रा नेहमी चवताळूनच धावतो असे नाही. काही कुत्रे उलट गप्प होतात, कोपऱ्यात अंधारात बसतात, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे वाटून मालक तोंडात हात घालतो आणि तिथेच घात होतो. अशा कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये. त्याला एकटे कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ यानुसार रेबीज हा अनुसूचित रोग आहे. प्राण्याला तो झाल्याचा संशय आल्यास ग्रामपंचायत किंवा ग्राम अधिकाऱ्याला कळवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

कायदा काय सांगतो?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ हे मार्च २०२३ मध्ये लागू झाले. त्यांनुसार पाळीव कुत्र्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, तर मोकाट कुत्र्यांची स्थानिक स्वराज्य संस्थेची. कानाला व्ही आकाराचा काप असलेला मोकाट कुत्रा म्हणजे निर्बीजीकरण झालेला कुत्रा. त्या वेळी त्याला रेबीजची लसही दिलेली असते. पण ती दरवर्षी पुन्हा दिली गेली असेलच असे नाही, म्हणून केवळ काप पाहून निर्धास्त होऊ नये. आपला प्राणी इतरांना इजा करणार नाही याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

गोव्याचा अनुभव

गोवा सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने गेल्या दशकात राज्यभर कुत्र्यांचे लसीकरण केले. पथके वाडी-वाडीवर गेली. पाळीव कुत्रे हाताने आणि मोकाट कुत्रे जाळीने पकडून टोचले. सोबत शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्यांची माहिती घेण्यासाठी दूरध्वनी सेवा चालवली. कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या आणि २०१८ पासून सलग काही वर्षे माणसाचा एकही मृत्यू झाला नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. राज्याच्या सीमा मात्र खुल्या आहेत, शेजारून कुत्रे येतात-जातात, त्यामुळे तिथे लसीकरण आजही थांबवलेले नाही.

रेबीजखेरीज इतर लशी

रेबीजच्या लशीने इतर रोग टळत नाहीत. डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस आणि लेप्टो यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात. पार्वोमध्ये रक्ताचे जुलाब व उलट्या होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. लेप्टो माणसालाही होतो. कोकण, मुंबई, गोवा, केरळ अशा पावसाळी भागांत उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरवू नये आणि आजारी कुत्र्याचे मूत्र उघड्या हाताने पुसू नये. या लशी सरकारी दवाखान्यात असतीलच असे नाही, बहुतेक वेळा विकत घ्याव्या लागतात. गोचिडांसाठी औषध व दर तीन महिन्यांनी जंतनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे, कारण मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते.