सरोवरांनी सांभाळलेली दोन हॅलिफॅक्स

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ६,१७६ हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमाने बांधली गेली. युद्धानंतर ती भंगारात गेली. संग्रहालयासाठी एकही अखंड विमान राखले गेले नाही. आज दिसणाऱ्या विमानांपैकी दोन सांभाळली ती नॉर्वेच्या सरोवरांनी. गोड्या पाण्यात क्लोराइड अत्यल्प असल्याने ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा संरक्षक थर टिकतो; थंडीमुळे क्षरणही मंदावते.

एप्रिल १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यात मारा लागलेले एक हॅलिफॅक्स गोठलेल्या होकलिंगेन सरोवरावर उतरले आणि पुढे बर्फाखाली बुडाले. १९७३ मध्ये वर काढलेले हे विमान लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात बहुतांशी सापडले त्याच अवस्थेत आहे. दुसरे एप्रिल १९४५ मध्ये म्योसा सरोवरात कोसळले. सहांपैकी पाच जण मृत्युमुखी पडले. १९९५ मध्ये २०० मीटरहून अधिक खोलीवरून काढून कॅनडातील ट्रेंटन येथे दहा वर्षांच्या श्रमांनी ते पूर्ववत करण्यात आले.

दुरुस्तीत बदललेला प्रत्येक पत्रा त्या रात्रीचा काही पुरावा पुसतो. न बदललेला पत्रा हवेत झिजत राहतो. पहिल्या विमानाची दुरुस्ती अजूनही शक्य आहे; दुसऱ्याचा गेलेला पुरावा मात्र परत येणार नाही. म्हणून विमान पाण्याबाहेर काढण्याआधीच त्याचे पुढे काय करायचे, हे ठरलेले असावे.